फोर बाय फोरचा लिव्हर: गंजाने धरलेला की ताणाने अडकलेला?

पावसाळा सरून गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडच्या जीप पुन्हा सुरू व्हायची वेळ आली की गॅरेजात एक ठरलेली तक्रार येते: फोर बाय फोरचा लिव्हर हलत नाही. तक्रार एकच, पण मागची कारणं दोन आणि ती एकमेकांशी अजिबात संबंध नसलेली. एकात लिव्हरचा रॉड, बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) आणि पिना गंजून धरलेल्या असतात. दुसऱ्यात लिव्हर ठणठणीत असतो, पण ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, पुढे नुसती ‘केस’) आतले दात ताणाखाली एकमेकांवर दाबले गेलेले असतात. हाताला दोन्ही सारखेच घट्ट लागतात. पहिल्याला पाना, ग्रीस आणि अर्धा दिवस लागतो. दुसऱ्याला बहुतेक वेळा गाडी थोडी मागे घेणं पुरतं. ताणाखालच्या लिव्हरला पाइप लावून किंवा पायाने रेटून जोर केला, तर मात्र आतला शिफ्ट फोर्क (दात सरकवणारा काटा) वाकू शकतो. मग केस उतरवून उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

म्हणून हत्यारं काढण्याआधी एकच विचारायचं: लिव्हर नेमका कधी घट्ट लागतो? रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन बंद, आणि टू-हायमधून (फक्त मागची चाकं जोडलेली) फोर-हायमध्ये (चारही जोडलेली) जातानाच हाताला जोर पडतो, तर संशय गंजावर. फोर-हायमध्ये अलगद गेला, पण डांबरी रस्त्यावर दोन-चार वळणं घेतल्यावर बाहेर निघेना, तर तो ताण. बहुतेक गाड्यांचा निकाल इथेच लागतो.

ताण कुठून येतो

जिप्सी, जिम्नी आणि लिव्हरवाली थार या पार्ट-टाइम फोर बाय फोर गाड्या. पुढच्या आणि मागच्या धुऱ्याच्या मध्ये यांना डिफरन्शियल (दोन बाजूंना कमी-जास्त फेरे घेऊ देणारी गिअरची रचना) नसतो. फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (केसपासून धुऱ्यापर्यंत जाणारा दांडा) एकमेकांना पक्के जखडले जातात आणि दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात.

आकडे घालून बघा. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी. मागचा धुरा ६ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर पुढचा साधारण ६.४८ मीटरने वळतो. काटकोनातल्या एकाच वळणात मागचा धुरा ९.४२ मीटर जातो आणि पुढचा १०.१८. फरक सुमारे ७५ सेंटीमीटर, म्हणजे टायरचा जवळजवळ तिसरा हिस्सा फेरा. धुऱ्यातलं गिअर गुणोत्तर ४ च्या आसपास (शाफ्टचे चार फेरे म्हणजे चाकाचा एक) धरलं, तर पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा एक फेऱ्याहून जास्त फिरायला हवं, आणि तो तर जखडलेला. चिखलात किंवा सुट्या मातीत टायर थोडे घसरतात आणि हा फरक तिथेच जिरून जातो. डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर पकड सोडत नाहीत, मग शाफ्ट आणि एक्सल ओल्या कपड्यासारखे पिळले जातात. तो सगळा पीळ केसमधल्या सरकत्या स्लीव्हच्या (दोन शाफ्ट जोडणारी दातेरी कडी) दातांवर येतो. तुम्ही लिव्हर ओढता तेव्हा दाबाखालचे दात सरकवत असता, आणि तिथे ग्रीसचा काही उपयोग नाही.

गोव्यात हे होतं ते जंगलवाट संपवून मोल्याच्या हमरस्त्याला लागल्यावर फोर-हाय काढायचं राहून गेलं की. किंवा पाऊस आहे म्हणून अनमोड, चोर्ला घाटात फोर-हाय टाकून वळणं चढली की. ओलं डांबरही पीळ भरण्याइतकी पकड देतंच. खुणा स्पष्ट असतात: स्टिअरिंग जड होतं, वळणावर कोणी ब्रेक दाबल्यासारखी गाडी अडते, टायर चिरकतात. काही गाड्यांत लिव्हर टू-हायवर येऊनही मीटरमधला फोर बाय फोरचा दिवा विझत नाही.

सोडवायचं असं. रहदारी बघून थांबा. ज्या वळणाने पुढे आलात त्याच वळणाने, स्टिअरिंग तसंच धरून, चार-सहा मीटर हळू मागे या. भरलेला पीळ त्याच वाटेने उलटा सुटतो. गाडी सरकत असतानाच क्लच दाबा आणि लिव्हर नेहमीच्या जोराने टू-हायकडे घ्या. नाहीच आला, तर एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या सुट्या मातीवर उतरवून थोडं पुढे-मागे करा. पीळ भरलेल्या गाडीचं चाक जॅकवर उचलू नका. चाक सुटताच झटक्याने फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते.

सरळ रस्त्यावरही पुन्हा पुन्हा असं होत असेल, तर टायर मोजा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले, तर त्रिज्येतला ३ मिमीचा फरकसुद्धा किलोमीटरमागे साधारण ८ मीटरचा फरक पाडतो. हवा कमी-जास्त असली तरी तेच. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि कंपनीने सांगितलेल्या हवेचे ठेवा.

फोर-लोचं (चारही चाकं जोडलेली, वेग कमी, जोर जास्त) थोडं निराळं आहे. थांबलेल्या गाडीत दात समोरासमोर येऊन टेकले, तर लिव्हर आत जात नाही. हा बिघाड नव्हे. गाडी वीतभर सरकवा, पुन्हा थांबवा, मुख्य गिअर न्यूट्रल ठेवून क्लच दाबा आणि टाका.

गंज कुठे धरतो

चार महिने पाऊस, खारी हवा आणि त्यात लिव्हर एकदाही न हलवलेला, एवढं गंजाला पुरतं. नदी ओलांडताना तांबड्या मातीचं पाणी लिव्हरच्या फाटक्या रबरी बुटातून आत शिरतं आणि सुकल्यावर पिनेभोवती घट्ट बसतं. म्हणून आधी बूट तपासा. तो फाटका ठेवून केलेलं बाकी सगळं काम पुढच्या जूनमध्ये वाया जाईल.

गाडी सपाट सिमेंटवर घ्या, चाकांना दोन्हीकडून अडणी लावा आणि उचलायची असेल तर स्टँडवर ठेवा. अडणी टाळू नका: ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली की मुख्य गिअर टाकलेला असूनही गाडी घरंगळते.

आता रॉडच्या केसकडच्या टोकाची स्प्लिट पिन (टोकं वाकवून अडकवलेली तारेची पिन) काढून रॉड सोडवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलवून बघा. लिव्हर एकटाच घट्ट असेल, तर दोष बाहेरचा. केसवरची आर्म (रॉड जिला जोडलेला असतो ती पट्टी) पान्याने हलवताना घट्ट लागली, तर दोष आतला किंवा आर्मच्या शाफ्टवरचा. आर्म जिथे अडेल तिथे रेटू नका. गाडीखालून बाहेर या, गाडी वीतभर सरकवा, अडणी पुन्हा लावा, मग बघा. जुन्या जिप्सीसारख्या गाड्यांत लिव्हर थेट केसच्या डोक्यावर बसतो. तिथे रॉड नाही, त्यामुळे बूट आणि लिव्हरच्या बुडाचा बुश एवढंच बघायचं.

दोष बाहेरचा निघाला, तर प्रत्येक पिनेवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. काढण्याआधी रॉडची लांबी पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून लिहा. ती बदलली तर लिव्हर फ्लोअरच्या कापाला आधीच टेकतो, दात अर्धेच बसतात आणि चढावर गिअर सुटतो. पिना तारेच्या ब्रशने घासा, मग २२० आणि शेवटी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खड्डे पडलेली पिन आणि ढिला बुश फेकून द्या. जोडीने नवे बसवा. धातूवर पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस पातळ लावा, रबराला सिलिकॉन ग्रीस. नुसता स्प्रे मारून काम उरकलं तर लिव्हर दोन आठवडे हलका वाटतो आणि मग जैसे थे. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीच घाला.

आर्मच घट्ट असेल, तर केसचं ऑइल बघा. भरायचा बोल्ट आधी उघडा, निचऱ्याचा नंतर. भरायचाच उघडला नाही तर रिकामी केस घेऊन बसावं लागेल. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं आलं म्हणजे पाणी शिरलंय. तापलेली केस थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (केसची हवा ये-जा करायची नळी) मातीने बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं. ब्रीदर मोकळा करा आणि पुस्तिकेत दिलेल्याच प्रकारचं ऑइल बोल्टाच्या तोंडापर्यंत भरा. गिअरवर चालणाऱ्या केसला बहुधा ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल लागतं, साखळीवर चालणाऱ्या अनेक केसना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल). एटीएफच्या जागी जाड गिअर ऑइल गेलं, तर तेवढ्यानेही लिव्हर जड होतो. ऑइल ठीक आणि तरी आर्म अडते, किंवा निचऱ्याच्या बोल्टावर धातूचे तुकडे दिसतात, तर केस उघडून फोर्क आणि स्लीव्ह बघावीच लागेल.

जून ते सप्टेंबर गाडी उभीच असली, तरी महिन्यातून एकदा सुट्या मातीच्या वाटेवर फोर-हाय आणि फोर-लो टाकून दोन-तीनशे मीटर चालवा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी उतरवायला बंदी आहे. कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) किंवा शेताकडची चिऱ्याच्या मातीची वाट या कामाला उत्तम.