सगळे देशमुख एकाच घराण्याचे?

‘देशमुख आडनावाचे सगळे सरदार, जमीनदार आणि पुढारी मूळ एकाच घराण्याचे’ असा मजकूर कुटुंबाच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो. वाचून पटतो, कारण आडनाव म्हटलं की आपल्याला रक्ताचं नातंच आठवतं.

पण देशमुख हे मुळात हुद्द्याचं नाव. परगण्याचा, म्हणजे अनेक गावांच्या समूहाचा, वतनदार (वंशपरंपरेने हक्क असलेला अधिकारी) तो देशमुख, गावचा मुख्य तो पाटील. वेगवेगळ्या परगण्यांची देशमुख घराणी वेगवेगळी. शिवकाळातलंच बघा: रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे, हिरडस मावळाचे बांदल. मावळं शेजारची, हुद्दा एकच, कुळं मात्र वेगळी. पुढे अनेकांचं मूळ आडनाव मागे पडलं आणि हुद्दाच आडनाव झाला. म्हणून देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, कायस्थ प्रभूंत आणि मुसलमानांतही आहेत. पाटलांचं तर विचारूच नका!

पडताळायचं असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी मूळ आडनाव विचारा, मग वतनाचं गाव, कुलदैवत आणि देवक. या गोष्टी जुळल्या तर पुढे वंशावळ आणि वतनाचे मोडी कागद बघायचे. नुसतं आडनाव जुळलं, तर एवढंच कळतं की दोघांचे पूर्वज एकाच प्रकारचं काम करत होते.