एमआर अँजिओग्राफीला जाताना: चिठ्ठी, जुने कागद आणि योजनेचं रेशन कार्ड

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून पहाटेची एसटी धरून पेशंट मिरजेला येतो, तपासणीसाठी दुपारपर्यंत बसतो आणि मशीनवर न जाताच संध्याकाळच्या गाडीनं परत फिरतो. कराड-साताऱ्याकडं यापेक्षा वेगळं चित्र नाही. मशीन बंद पडलं म्हणून परत जाणारे थोडे. बाकीच्यांची तपासणी एखाद्या कागदावाचून अडते, आणि तो कागद लागेल हे त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. कुठं अडतं तेवढंच इथं सविस्तर लिहितो.

आधी तपासणीविषयी थोडं. एमआर अँजिओग्राफी, म्हणजे बोलण्यातलं एमआरए, ही नेहमीच्या एमआरआय मशीनवरच होते. त्यात रक्तवाहिन्यांचे फोटो निघतात: मेंदूच्या, मानेच्या, किडनीच्या, पायांच्या, पोटातल्या महाधमनीच्या. क्ष-किरण नसतात, मांडीतून किंवा मनगटातून नळी घालावी लागत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्या पुष्कळदा इंजेक्शनशिवायही दिसतात, कारण वाहत्या रक्ताचाच संकेत मशीन पकडतं. पोटासाठी आणि पायांसाठी बहुधा शिरेतून गॅडोलिनियमचं औषध द्यावं लागतं, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसतात. हृदयाच्या झटक्यानंतर जी अँजिओग्राफी होते ती ही नव्हे, ती कॅथलॅबमध्ये नळी घालून करतात. एमआरएमध्ये फक्त बघता येतं. गुठळी काढणं, स्टेंट बसवणं यातलं काही होत नाही. ‘अँजिओग्राफी झाली, आता ब्लॉक निघाला’ असं समजून घरी जाणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

चिठ्ठी नीट बघून घ्या

सेंटरवाले चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करतात आणि ते बरोबरच आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ असेल तर रक्तवाहिन्यांचा भाग त्यात येईलच असं धरू नका. एमआरए म्हणजे धमन्या. एमआरव्ही म्हणजे अशुद्ध रक्ताच्या शिरा. बाळंतपणानंतर काही दिवसांत डोकं प्रचंड दुखतंय, उलट्या होतायत, झटका (फिट) आला, अशा बाईच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याची शंका असली तर एमआरव्ही हवी असते. तिथं एमआरए करून आणली तर पैसेही गेले आणि दिवसही गेला.

त्यामुळं डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी विचारा: शरीराचा कोणता भाग, धमन्या की शिरा, इंजेक्शनसह की इंजेक्शनशिवाय, आणि शंका कशाची आहे. हे चिठ्ठीवर लिहून मागा. सहीखाली तारीख आणि शिक्का आहे ना, तेही बघा. विचारायला संकोच करू नका.

किडनीचा रिपोर्ट

इंजेक्शन द्यायचं असेल तर सेंटर क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतं. लोक शुगरचा आणतात, हिमोग्लोबिनचा आणतात, गावातल्या शिबिरातला सहा महिन्यांपूर्वीचा कागद आणतात. यातलं काही चालत नाही. रक्ताच्या रिपोर्टवर ‘क्रिएटिनिन’ हा शब्द आणि त्यापुढं आकडा पाहिजे. त्यावरून आणि वयावरून किडनीची गाळणक्षमता काढतात, तिला ईजीएफआर म्हणतात. ती ३० च्या खाली असेल तर डॉक्टर दोनदा विचार करतात, कारण किडनी फारच खराब असलेल्यांना गॅडोलिनियमच्या काही जुन्या प्रकारच्या औषधांमुळं कातडी आणि सांधे आखडण्याचा गंभीर आजार झाल्याचं २००६ साली लक्षात आलं. आता वापरात असलेल्या नव्या प्रकारांत हा धोका अगदी कमी आहे. तरी रिपोर्ट बघितल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये, हे योग्यच आहे.

रिपोर्ट किती दिवसांच्या आतला हवा, हे प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं. नंबर लावतानाच फोनवर विचारा. मुदत रक्त दिल्याच्या तारखेपासून मोजतात, कागद हातात पडल्याच्या तारखेपासून नाही. कितीतरी जण इथंच फसतात. डायलिसिसवर असलेल्यांनी आपला डायलिसिसचा वार आधीच सांगावा, म्हणजे तपासणी त्याच्या लगेच आधी ठेवता येते.

मधुमेहाच्या गोळ्यांचा घोटाळाही इथलाच. मेटफॉर्मिन थांबवायचा प्रश्न बहुधा सीटी अँजिओग्राफी या क्ष-किरणांवरच्या वेगळ्या तपासणीतल्या आयोडीनच्या औषधाबाबत येतो. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून गोळी बंद करू नका. रक्तदाबाची गोळी तर घोटभर पाण्याबरोबर घेऊनच या, डॉक्टरांनी मनाई केली असेल तरच थांबवा. उपाशी राहायचं का, किती तास, हे सेंटरला विचारा, आणि इन्सुलिन घेत असाल तर तेही त्याच फोनवर सांगा. सकाळी इन्सुलिन टोचून दुपारपर्यंत उपाशी बसलेला पेशंट बाकावरच घामाघूम होतो, हे बघवत नाही.

ज्याच्याकडं बघावं त्याच्याकडं नसलेला कागद

आता खरा अडसर. मशीनचं चुंबक दीड किंवा तीन टेस्ला ताकदीचं असतं आणि ते कायम चालू असतं, रात्रीसुद्धा. म्हणून आत जाण्यापूर्वी शरीरात धातू आहे का, हे विचारतात. काउंटरवरचं बोलणं साधारण असं होतं:

“काका, डोक्याचं, छातीचं काही ऑपरेशन झालंय का?”

“न्हाई.”

“आठवून सांगा. कुठं टाके, क्लिप, मशीन बसवलंय?”

“डोक्याचं झालंय की, लई वर्षं झाली. आता काय त्रास न्हाई.”

एवढ्यावर त्या दिवसाची तपासणी थांबते. मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप कोणत्या धातूची आहे, हे कागदावर दिसल्याशिवाय कुठलाही जबाबदार रेडिओलॉजिस्ट पेशंटला आत घेणार नाही. जुन्या क्लिपांपैकी काही चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या होत्या, आणि मेंदूत ती हलली तर जीव जातो. एक्स-रे काढला तर क्लिप दिसते, पण ती चालेल की नाही हे एक्स-रे सांगत नाही. काकांच्या पिशवीत त्या वेळच्या औषधांची बिलंसुद्धा जपून ठेवलेली असतात. ऑपरेशन नोट मात्र नसते, कारण ती घेऊन ठेवा असं डिस्चार्जच्या दिवशी कुणी सांगितलेलं नसतं. याचा राग येतो, आणि तो काकांवरचा नाही.

पेसमेकरचंही तसंच. हल्लीचे बरेच पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, पण त्यासाठी कंपनीनं दिलेलं कार्ड लागतं. त्यावर मॉडेलचा आणि तारांचा नंबर असतो. तपासणीआधी पेसमेकरचं सेटिंगही बदलून घ्यावं लागतं, म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांशी आधी बोलणं आलंच. हृदयातल्या स्टेंटला सहसा अडचण नसते, तरी स्टेंटचं कार्ड आणा. कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, इन्सुलिनचा पंप, दंडावर चिकटवलेला शुगरचा सेन्सर, हाडातल्या पट्ट्या, बायकांनी बसवून घेतलेली तांबी: सगळं सांगा. यातलं बरंचसं चालतं, पण चालतं की नाही हे ठरवायचं काम त्यांना करू द्या.

कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगवर काम केलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का. तो आत राहिलेला असेल तर चुंबकात हलून नजर जाऊ शकते. अशा वेळी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

जुना कागद मिळवायचा कसा? जिथं ऑपरेशन झालं तिथं लेखी अर्ज करा. पेशंटचं नाव, दाखल झाल्याची अंदाजे तारीख, केसपेपरचा नंबर माहीत असेल तर तो, आणि ‘ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड व इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत मिळावी’ एवढंच लिहा. डॉक्टरांच्या वर्तनाबाबतच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी मागणी केली की ‘उद्या या’ सुरू होतं. पेशंट स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचं संमतिपत्र आणि आधारची झेरॉक्स घेऊन जा. पण याच नियमांत कागद सांभाळायचं बंधन ३ वर्षांचंच आहे. त्यापेक्षा जुनं ऑपरेशन असेल तर कागद असेलच याची खात्री नाही. नसेलच, तर तसं लेखी घ्या आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांकडं परत जा. ते सीटी अँजिओग्राफीसारखा दुसरा मार्ग काढतील. कागद मिळत नाही म्हणून ‘काहीच नाही’ असं फॉर्मवर लिहून सही करू नका. फॉर्म भरून देणाऱ्या नातेवाइकांनी तर पेशंटला विचारल्याशिवाय एकही रकाना भरू नये.

योजनेत बसतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथंच जास्त. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे आणि मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. २०२३ च्या शासन निर्णयानं पांढऱ्या रेशन कार्डालाही ती लागू झाली आणि कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं. पण नुसती ओपीडीची चिठ्ठी घेऊन बाहेरच्या सेंटरवर एमआरए केली आणि मग बिल घेऊन आरोग्यमित्राकडं (योजनेतल्या रुग्णालयात पेशंटची नोंद करून घेणारा योजनेचा माणूस) गेलात तर पैसे मिळत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात पेशंटची नोंद झाली, आजार आणि उपचार योजनेच्या यादीत बसले, तर त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच येतात. म्हणजे क्रम महत्त्वाचा: आधी योजनेतलं रुग्णालय, आधी आरोग्यमित्र, मग तपासणी. आधी खिशातून खर्च करून मागाहून योजना शोधणाऱ्यांना नकार मिळतो आणि तो बदलत नाही.

रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, हे दोन मुख्य कागद. दोन्हींवरचं नाव जुळलं पाहिजे. रेशन कार्डावर ‘बाळासो’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तर आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत दाखवा. दाखल झाल्यावर धावाधाव नको.

सुनेचं नाव ही तर घरोघरची अडचण. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून कमी केलेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं राहून गेलेलं असतं. बाळंतपणाला ती माहेरी येते, वर सांगितला तसा त्रास होतो, आणि ऐन वेळी तिचं नाव कुठल्याच कार्डावर नसतं. घरात लग्न झालं की त्याच वर्षी तहसीलच्या पुरवठा शाखेत हे काम उरकून टाका. आणि अशी वेळ आलीच, तर कागदासाठी तिला घरी थांबवू नका. दाखल करा, आरोग्यमित्राला तातडीची नोंद करायला सांगा, आणि कागदामागं घरातल्या एकानं जावं.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्यावर वैधता ३१ मार्चपर्यंत लिहिलेली असते, ती वाचा. फेब्रुवारीत काढलेला दाखला वर्षभर चालेल असं समजून एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला परत सेतूच्या रांगेत उभं राहावं लागतं.

तपासणीच्या दिवशी

अंगावरचं सगळं सोनं-चांदी घरीच ठेवा. मंगळसूत्र, नथ, करदोटा, तावीज, केसांच्या पिना, कवळी, हे निघतं. अडतात ती जोडवी. आजींच्या बोटात ती वर्षानुवर्षं रुतलेली असतात, आणि रांग खोळंबलेली असताना ओढून काढताना बोट सुजतं. आदल्या रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून, साबण लावून, सावकाश काढा. मंगळसूत्र काढायला आजी तयार नसतील तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं आधीच समजावून सांगावं, काउंटरवरच्या मुलीचं ऐकलं जात नाही.

नातेवाइकांनी आत जाण्याची घाई करू नये. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाला चुंबकानं सिलिंडरसह खेचलं आणि त्याचा जीव गेला. थांब म्हटलं की दारातच थांबायचं.

आत साधारण अर्धा-पाऊण तास निश्चल पडावं लागतं, आवाज मोठा असतो, कानाला बोळे देतात. हातात बेल असते. बंद जागेची भीती असेल तर नंबर लावतानाच सांगा, झोपेचं औषध द्यायचं तर त्याची तयारी वेगळी असते. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर तेही आधीच सांगा, गॅडोलिनियम शक्यतो टाळतात.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधीची. तोंड अचानक वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर एमआरएचा नंबर लावत बसू नका, कागद गोळा करू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ सांगा.

रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या. पुण्याला पाठवलं तर तिथले डॉक्टर फोटो स्वतः बघतात, नुसत्या फिल्मवर भागत नाही. आणि योजनेतल्या रुग्णालयात पैसे मागितले किंवा नोंद करायला नकार दिला, तर तिथूनच १५५३८८ या क्रमांकावर फोन करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि पैसे दिलेच असतील तर त्याची पावती सोडू नका.