शेवंती की ॲस्टर? फूल उलटं करून बघा

मध्ये पिवळी चकती, भोवती पांढऱ्या नाहीतर गुलाबी पाकळ्या, आणि प्रश्न: "हे कोणतं फूल?" सोबत बरोब्बर वरून काढलेला एकच फोटो. मग शेवंती, ॲस्टर, डेझी, जर्बेरा अशी सगळी उत्तरं येतात. सूर्यफुलाच्या कुळातली ही फुलं वरून सारखीच दिसतात, त्यामुळे असा फोटो ओळखायला जवळपास निरुपयोगी असतो.

जर्बेरा लगेच बाजूला काढता येतो. त्याची पानं जमिनीलगत असतात आणि दांड्यावर एकही पान नसतं. गझानियाची फुलं ढगाळ हवेत मिटतात. खरा घोळ होतो तो शेवंती आणि ॲस्टरचा, म्हणजे आपल्याकडे लावतात त्या चायना ॲस्टरचा.

शेवंती सगळ्यांच्या ओळखीची आहे, तिचं वर्णन नको. रंगाचंही थोडक्यात सांगते: झळझळीत पिवळी किंवा तांबूस असेल तर शेवंती, निळसर जांभळी असेल तर ॲस्टर. पांढऱ्या, गुलाबी आणि मरून रंगांत मात्र रंगावर अजिबात जाऊ नका. पाकळ्या मोजण्यातही अर्थ नाही. दोन्हींत एकेरी आणि भरगच्च असे दोन्ही प्रकार असतात, आणि भरगच्च फुलात मधली चकती झाकलीच जाते.

फूल उलटं करा. पाकळ्यांच्या मागे, देठ जिथे फुलाला मिळतो तिथे बघा. ॲस्टरला तिथे लांबट, हिरव्या, खऱ्या पानांसारख्या पात्या असतात. त्या बाहेर पसरलेल्या असतात आणि त्यांच्या कडांना बारीक राठ केस असतात. कळी असतानाही ही हिरवी झालर दिसते, म्हणून फूल उमलायची वाट बघावी लागत नाही. शेवंतीला त्याच जागी छोटे, एकावर एक चिकटून बसलेले खवले असतात आणि त्यांच्या कडा कोरड्या, पातळ, कागदासारख्या असतात. हिरवी झालर नाहीच. पांढरं असो वा मरून, एकेरी असो वा भरगच्च, ही खूण बदलत नाही.

तरी शंका राहिली तर पान चुरगळा. शेवंतीच्या पानाला उग्र, औषधी वास येतो आणि पान खोलवर कातरलेलं असतं. ॲस्टरचं पान नुसतं दातेरी असतं, त्याला तो वास नाही.

एवढा आग्रह कशासाठी, तर फुलं संपल्यावर दोघांना द्यायची वागणूक अगदी वेगळी आहे. ॲस्टर हंगामी आहे. पेरल्यापासून साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत फुलतं, बी धरतं आणि मरतं. ते छाटून, पाणी घालत फुटव्यांची वाट बघणं फुकट आहे. वाळलेल्या फुलांतलं बी काढा आणि पुढच्याच हंगामात पेरा, कारण त्याची उगवणक्षमता लवकर कमी होते. रोपांना चार-पाच पानं आली की 30 सेंटिमीटर अंतरावर लावा, पण मागच्या वेळच्या मातीत नको. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि रोपं कळ्या धरायच्या सुमाराला कोमेजून जातात.

शेवंती बहुवर्षायू आहे. फुलं संपली की जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटरवर छाटायची. बुंध्याजवळून काश्या, म्हणजे नवे कोंब फुटतात, त्या मुळांसकट वेगळ्या करून लावायच्या आणि साधारण महिन्याने शेंडा खुडायचा. रात्री मोठ्या झाल्या की ती कळ्या धरते. म्हणून रात्रभर दिव्याचा उजेड पडणाऱ्या गॅलरीतली शेवंती नुसतीच पानं वाढवत बसते. खत वाढवून उपयोग नाही, कुंडी रात्री दिव्याचा उजेड पडणार नाही अशा जागी हलवा.

यापुढे फूल ओळखून हवं असेल तर तीन फोटो काढा: एक वरून, एक मागून देठासकट आणि एक खोडाच्या मध्यावरच्या पानाचा. एकच काढणार असाल तर मागचा काढा.