बेळगावातली नाटक कंपनी आणि थिएटर
बेळगाव हे नाटकवाल्यांचं जुनं मुक्कामाचं गाव. एका अंगाला सांगली-कोल्हापूर, दुसऱ्या अंगाला गोवा, खाली हुबळी-धारवाड, म्हणजे दौऱ्यावर निघालेली कंपनी इथं उतरणारच. पण नुसतं कंपन्या यायच्या म्हणून इथं नाटक रुजलं असं नाही, आधी इथल्याच माणसांनी ते केलं.

संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर (1843–1885) सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात मास्तरकी, मग सरकारी नोकरी आणि जोडीला नाटकाचं वेड. त्यांचं संगीत शाकुंतल 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात रंगमंचावर आलं म्हणून सगळं क्रेडिट पुण्याला जातं, पण किर्लोस्करांना नाटकाचं वळण लागलं ते बेळगावात. ‘संगीत शारदा’वाले गोविंद बल्लाळ देवलसुद्धा मूळ हरिपूरचे असले तरी इथं शिकले, इथंच मास्तर झाले आणि किर्लोस्करांच्या नादानं नाटकात गेले.

आणि हे एकट्या मराठीचं काम नव्हे बरं का. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा, म्हणजे गाण्या-नाचातून पौराणिक कथा करणाऱ्या फिरत्या नटांचा, खेळ बघून सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये मराठी नाटक उभं केलं, पुढं मराठी कंपन्या धारवाड-गदग भागात एवढी गर्दी खेचायला लागल्या की कन्नडची आपली मंडळी पाहिजे म्हणून गदगला कन्नड नाटककार शांतकवी उभे राहिले, आणि गायक-नट केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श नाटक कंपनी 1908 मध्ये निघाली ती तर हुबळीत! कन्नड रंगभूमीचे मोठे नट एणगी बाळप्पा पण किर्लोस्करांच्याच सौंदत्ती तालुक्यातले. भाषेवरून भांडणारे हे सोयीनं विसरतात.

थिएटरचं म्हणाल तर कोनवाळ गल्लीतलं रिट्झ. त्याचे मालक कृष्णराव हरिहर, म्हणजे पुलंनी ज्यांच्यावर लिहिलं ते रावसाहेब, सिनेमा थिएटरवाले, पण सगळा जीव गाण्यात आणि नाटकात. पुलं तेव्हा राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे. असा एक मालक असला की गावातल्या पेटीवाल्या-तबलजीला काम मिळतं, हौशी पोरांना स्टेज मिळतं आणि चांगलं-वाईट तोंडावर सांगणारा प्रेक्षक तयार होतो, जे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्याच जागी आता लोकमान्य रंगमंदिर आहे.

2015 मध्ये 95 वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन गायिका-अभिनेत्री फय्याज यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावातच भरलं. मोठे नेते, मोठा मांडव, ते असतंयच. खरी धुगधुगी मात्र खेड्यांत. यात्रा आली की गावची पोरं रात्री तालमी करायला लागतात, पडदे भाड्यानं येतात, बाईचं काम करायला बाहेरून नटी बोलावतात, आणि पहिल्या अंकापेक्षा बक्षिसांच्या अनाउन्समेंटच जास्त वेळ चालतात. पुण्या-मुंबईची कंपनी रात्री सेट भरून पुढं गोव्याला जाते, ही पोरं मात्र पुढच्या यात्रेला काय बसवायचं यावर भांडत बसलेली असतात.