गोड खाल्लं की जंत होतात?

‘गोड फार खाल्लं की पोटात जंत होतात.’ इंदूरच्या मराठी घरांत दुसऱ्या जिलबीला हात घातला की हे ऐकू येतंच. बोलणाऱ्याला काळजी असते, पण उकळत्या तुपातून निघालेल्या जिलबीत जंताचं अंडं जगेल कसं? आणि साखरेतून जंत जन्मत नाहीत.

गोलकृमीची अंडी विष्ठेतून मातीत जातात, तिथे दोन-तीन आठवडे मुरतात आणि न धुतलेल्या हातांवाटे, कच्च्या भाजीवाटे पोटात येतात. अंकुशकृमीला तोंडाचीही गरज नाही. ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या कातडीतून तो शिरतो, आतड्यात रक्त पितो, पंडुरोग म्हणजे रक्ताची कमतरता आणतो. म्हणून उघड्यावर शौचाला जाणाऱ्या खेड्यात, मिठाई सणापुरतीच असली, तरी जंत जास्त.

शंका असेल तर शौचाचा नमुना तपासून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात.