विकास आराखड्यात ओढा दिसला पाहिजे

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा भर वस्तीतून मुठेला मिळणारा हा ओढा एरवी एखाद्या गटारासारखा दिसतो. त्या रात्री काही तासांच्या पावसात त्याने सीमाभिंती पाडल्या, पार्किंगमधल्या गाड्या वाहून नेल्या. शहर आणि आसपासच्या भागात वीसहून अधिक माणसे दगावली.

अशा घटनेनंतर चर्चा होते ती नालेसफाईची. ती हवीच, पण ओढ्याकाठी घर बांधायला परवानगी मिळाली त्या दिवशीच अर्धे संकट ठरून गेलेले असते. ही परवानगी ज्या कागदावरून मिळते तो म्हणजे शहराचा विकास आराखडा, कुठे काय बांधायचे आणि काय मोकळे ठेवायचे ते ठरवणारा नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक महापालिका आणि नगरपालिका तो तयार करते, आणि साधारण वीस वर्षांनी त्याची फेरआखणी होते. म्हणजे आज काढलेली रेघ २०४५ च्या पावसाळ्यालाही लागू राहणार आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. वर्षाचा एकूण पाऊस फारसा वाढला नाही तरी तो कमी तासांत, जास्त जोराने पडू लागतो. जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला आराखडा अशा वेळी कमी पडतो.

सुरुवात पूररेषेपासून करू. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध असतो. तिथे बाग, मैदान, शेती चालते, इमारत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधकामाला अटींवर मुभा आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार तिथे इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे लागते.

‘२५ वर्षांतून एकदा’ हे शब्द लोकांना फसवतात. एकदा पूर येऊन गेला की पुढची २५ वर्षे निर्धास्त, असे वाटते. खरा अर्थ इतकाच की दरवर्षी तो येण्याची शक्यता चार टक्के असते. घरकर्ज तीस वर्षांचे धरले तर त्या काळात असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के भरते. शंभर वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा २६ टक्के आहे, म्हणजे चारातल्या एका घराला. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ५६ फुटांच्या वर.

रेषा आखताना चुका होतात त्या ठरावीक जागी. धरणातून सुटणारे पाणी मोजले जाते, पण धरणाच्या खाली जो मुक्त पाणलोट आहे, म्हणजे ज्या भागातले पाणी धरणात न अडता थेट नदीत येते, त्याचा पाऊस त्यात मिसळला जात नाही. मग रेषा नदीकडे सरकते आणि शेकडो भूखंड कागदावर सुरक्षित होतात. दुसरी चूक राडारोड्याची. पात्रात भराव पडला की नदीचा आडवा छेद लहान होतो आणि तेवढेच पाणी जास्त उंचीने वाहते. दहा वर्षांपूर्वी मोजलेल्या छेदावरची रेषा तेव्हा खोटी ठरते. म्हणून आराखड्याच्या प्रत्येक फेरआखणीत पात्राचे छेद नव्याने मोजायलाच हवेत.

आणि जोते उंच करण्याचा नियम बरेचदा ‘सगळा भूखंड भरून घ्या’ असा वाचला जातो. दोन हजार चौरस मीटरचा भूखंड दीड मीटर भरला तर तीन हजार घनमीटर, म्हणजे तीस लाख लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरच्या तीनशे टँकरांएवढे हे पाणी शेजारच्या बैठ्या घरांत शिरते. या पट्ट्यात इमारत खांबांवर उचलावी, खालून पाणी जाऊ द्यावे. भराव टाळता येत नसेल तर त्याच भूखंडात, त्याच पातळीवर तेवढीच माती काढायला लावावी. वीजमीटरचे पॅनेल, जनित्र आणि पाण्याचे पंपही लाल रेषेच्या वर बसवावेत, कारण पूर ओसरल्यावर इमारत आठवडाभर अंधारात राहते ती याच कारणाने.

नद्यांच्या पूररेषा निदान आखल्या तरी जातात. ओढ्यांचे तसे नाही. बहुतेक ओढ्यांची पूररेषाच नसते, आणि शहरातला अचानक येणारा पूर मुख्यतः त्यांच्यातून येतो. ओढा शोधायचा तर एका नकाशावर भागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भूरचनेच्या नकाशावर, ओढ्यांच्या निळ्या रेघा असतात, भूमी अभिलेख कार्यालयातल्या गावनकाशावर ओढ्याची हद्द असते, आणि ड्रोन किंवा उपग्रहावरून काढलेल्या उंचीच्या नकाशावर पाणी आज कुठून वाहील ते कळते. हे तिन्ही नकाशे एकावर एक ठेवले की गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून झालेल्या वस्तीत, बुजलेले, भिंतीखाली गेलेले, काटकोनात वळवलेले ओढे दिसू लागतात. आंबिल ओढाच पाहा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवलेला आहे. आजचा ओढा कुठे आहे याइतकेच मूळची सखल जागा कुठे आहे हे कळणेही गरजेचे असते.

ओढ्याची रुंदी आराखड्यात नोंदली तरी रस्त्याखाली तिचे काय होते, ते एका मोरीवर पाहू. ओढा सहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल, म्हणजे पाण्याला वाट बारा चौरस मीटर. त्यावर रस्ता काढताना १२०० मिलिमीटर व्यासाचे दोन सिमेंटचे पाइप टाकून वरून भराव केला. एका पाइपचा छेद १.१३ चौरस मीटर, दोघांचा मिळून २.२६. वाट एक पंचमांशाहून कमी उरली. त्यात मोरीच्या तोंडाशी आडवी टाकलेली पाण्याची लाइन असते. पहिल्याच लोंढ्यात तिच्यावर प्लास्टिक, फांद्या, एखादी जुनी गादी अडकते आणि उरलेली वाटही निम्मी होते. मग रस्त्याचा भरावच बंधारा बनतो. मागे पाणी तुंबत जाते आणि भराव फुटला की खालच्या वस्तीवर एकदम भिंतीसारखे कोसळते. तिथे पाइपऐवजी ओढ्याच्या पूर्ण रुंदीचा, मधे खांब नसलेला स्लॅबचा पूल हवा आणि सेवावाहिन्या त्याच्या वरच्या बाजूने न्यायला हव्यात. खर्च जास्त आहे, पण तो एकदाच करायचा आहे.

पावसाळी गटारांवरही फार भिस्त ठेवता येत नाही. ती सहसा दोन ते पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या सरीच्या हिशेबाने बांधतात. मुंबईची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, नंतर ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम हाती घेतले गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पाण्यासाठी गटार बांधणे कोणत्याच शहराला परवडणार नाही. म्हणून गटार भरल्यावर उरलेले पाणी कोणत्या रस्त्यावरून, कोणत्या मैदानात जाईल, हेही नियोजनातच ठरवावे लागते. कोपनहेगनने २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर नेमके हेच केले. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरहून जास्त पाणी चढू नये, असे लक्ष्य ठेवून काही रस्त्यांचे उतार आणि काही बागांची पातळी बदलण्याची योजना त्यांनी आखली.

आपल्याकडे यासाठी लागणारी जागा नियमातच आहे, वापरली जात नाही इतकेच. लेआउट, म्हणजे भूखंड आणि रस्ते पाडून आखलेली जमीन, चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आता हिशेब करा. शेतजमिनीवर पडलेल्या पावसापैकी सुमारे तीस टक्के पाणी वाहून जाते. तीच जमीन छपरे, डांबर आणि पेव्हर ब्लॉकखाली गेली की नव्वद टक्के वाहते. दहा हेक्टरच्या लेआउटवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी पाच हजार घनमीटर. पूर्वी त्यातले दीड हजार ओढ्याला जायचे, आता साडेचार हजार जाते. वाढलेले पाणी तीन हजार घनमीटर. या लेआउटची मोकळी जागा भरते एक हेक्टर. ती आजूबाजूपेक्षा फक्त तीस सेंटिमीटर, एक फूट, खाली ठेवली तर तिच्यात मावणारे पाणीही बरोबर तीन हजार घनमीटर!

एरवी ते मुलांचे मैदान असेल. जोराच्या पावसात तासभर तळे होईल आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत रिकामे होईल. मात्र मोकळी जागा लेआउटच्या सर्वांत सखल बाजूला असली पाहिजे. पुष्कळदा इमारती बसवून उरलेला कोपरा मोकळा दाखवतात आणि तो चढावर असतो. बाहेर पडणारा पाइप जुन्या शेतातून जेवढे पाणी जायचे तेवढेच सोडेल इतका हवा. मोठा केला तर पाणी साठणारच नाही, लहान केला तर दिवसभर तुंबून डास होतील. पाइपच्या तोंडाला तिरपी जाळी लावावी म्हणजे कचरा वर सरकतो. कडेचा उतार एकास पाच ठेवला तर मूल घसरून पडत नाही. आणि खाली लगेच काळा पाषाण लागत असेल तर पाणी मुरेल या भरवशावर राहू नये. दख्खनच्या बऱ्याच शहरांत मुरूम मीटरभरही खोल नसतो. अशा ठिकाणी पाणी रोखून धरून हळूहळू सोडणे हेच काम आहे.

टेकड्यांचा विचारही याच आराखड्यात व्हावा. उतारावरची झाडे गेली की पायथ्याच्या ओढ्याला पाणी लवकर आणि जास्त पोचते, हे एक. दुसरे उन्हाळ्याचे. स्वच्छ रात्री टेकडीचा उतार लवकर थंड होतो आणि गार, जड हवा खाली वस्तीत उतरते. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराने ही हवा कुठून येते त्याचे नकाशे करून त्या वाटा आणि उतार बांधकामापासून जपले आहेत. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांमधील टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण, म्हणजे ती जागा आराखड्यात उद्यानासाठी राखून ठेवणे, याही कारणासाठी मोलाचे आहे.

पण आरक्षण नकाशावर रंगवले म्हणजे काम झाले नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. महाराष्ट्रात कितीतरी बागा आणि मैदाने अशीच गेली. सगळ्या आरक्षणांना पुरेल इतका पैसा पालिकेकडे कधीच नसतो. म्हणून ओढ्याकाठच्या आणि सखल भागातल्या जागांचा क्रम सर्वांत वर लावून, मालकाला पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन, त्या पहिल्या पाच वर्षांत ताब्यात घ्याव्यात. सातबाऱ्यावर पालिकेचे नाव लागेपर्यंत ती जागा वाचली असे धरू नये.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते आणि पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी होते. ‘आमच्या भागात पाणी तुंबते’ एवढ्या हरकतीवर समिती फार काही करू शकत नाही. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहा, गावनकाशाची नक्कल जोडा, प्रारूपात ओढा कुठे तुटलेला किंवा अरुंद दाखवला आहे तिथे खूण करा. मागच्या पुराचे पाणी भिंतीवर कुठवर चढले होते त्याचा फोटो द्या, आणि ती खूण रस्त्याच्या मध्यापासून किती उंच आहे ते टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहा. ओढ्याच्या दोन्ही काठांवर किती मीटर पट्टा हिरवा हवा आहे तेही स्पष्ट मागा. सुनावणीला जाताना पोच घेतलेली प्रत सोबत ठेवा.