पडद्यावरची स्लाइड आणि हातातले टिपण

सादरीकरण करणाऱ्याच्या संगणकात बहुधा एकच फाइल असते. तीच सभागृहात पडद्यावर दाखवली जाते आणि सभा संपल्यावर ई-मेलने सर्वांना पाठवलीही जाते. या सोयीपायी स्लाइड आणि टिपण, म्हणजे श्रोत्यांच्या हाती द्यायचा लेखी मजकूर, या दोन भिन्न वस्तू आहेत, याचाच विसर पडत चालला आहे.

स्लाइड बोलणाऱ्याच्या सोबतीने चालते. ती किती वेळ पाहायची हे श्रोता नव्हे, वक्ता ठरवतो. वाचणे आणि ऐकणे ही दोन्ही भाषेचीच कामे असल्यामुळे ती एकाच वेळी नीट होत नाहीत. पडद्यावर परिच्छेद दिसला की श्रोते तो वाचू लागतात आणि वक्त्याचा आवाज मागे पडतो. चित्र, नकाशा किंवा आलेख मात्र ऐकता ऐकता पाहता येतो. याउलट टिपण एकट्याने, आपल्या गतीने वाचायचे असते आणि खुलासा करायला वक्ता जवळ नसतो, म्हणून त्यात पूर्ण वाक्ये, कारणे, अटी आणि अपवाद असावेच लागतात.

सातारा जिल्ह्यातील पाऊस हा विषय घेऊ. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटर असतो. स्लाइडवर यासाठी दोन स्तंभ आणि वर एक वाक्य पुरते: ‘सह्याद्री ओलांडला की पाऊस एक दशांशावर येतो.’ ‘सातारा जिल्हा : पर्जन्यमान’ असे नुसते नाव दिल्यास आलेखातून काय घ्यायचे हे श्रोत्यालाच शोधावे लागते, म्हणून मथळ्यात निष्कर्षच लिहावा, असे माझे ठाम मत आहे. तालुकावार तक्ता, सरासरी किती वर्षांची आहे आणि पर्जन्यमापक कुठे बसवले आहेत, ही माहिती तितकीच महत्त्वाची आहे, पण तिची जागा टिपणात आहे.

ही सरमिसळ किती महागात पडू शकते, हे कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेत दिसले. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधन टाकीवरील उष्णतारोधक फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज नासाच्या व्यवस्थापकांपुढे स्लाइडच्या रूपात मांडला. त्यातील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. मात्र तळाशी, मुद्दे-उपमुद्द्यांच्या गर्दीत, आदळलेल्या तुकड्याचे अंदाजे आकारमान १९२० घन इंच असून ज्या पूर्वीच्या चाचणीवर हा अंदाज बेतला होता तिच्यातील तुकडा ३ घन इंचांचा होता, अशी नोंद होती. म्हणजे ६४० पटींचा फरक, आणि चाचणीचे निष्कर्ष येथे लागू पडतील का हा सर्वांत मोठा प्रश्न, शेवटच्या ओळीत दडला होता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. फोमच्या आघाताने पंखाला पडलेले छिद्र हे अपघाताचे प्रत्यक्ष कारण होते. तथापि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या प्रथेवरही चौकशी मंडळाने स्पष्ट टीका केली. ती स्लाइड दाखवण्यासाठी फार दाटीची होती आणि अहवाल म्हणून फार तुटक.

म्हणून तयारीत आधी टिपण लिहावे. पूर्ण वाक्यात लिहिताना विचारातील फटी आपोआप उघड्या पडतात, ज्या तुटक मुद्द्यांमध्ये सहज झाकल्या जातात. मग त्यातील जे सांगण्यापेक्षा दाखवल्याने लवकर कळेल, तेवढेच स्लाइडवर घ्यावे आणि शेवटच्या रांगेत बसून अक्षरे वाचता येतात का, हे स्वतः पाहावे. सादर करताना आलेख पडद्यावर येताच निष्कर्षाकडे धाव घेऊ नये. आडव्या अक्षावर काय आहे, उभ्यावर काय आहे आणि एकक कोणते, हे सांगून क्षणभर थांबावे, आणि बोलताना तोंड पडद्याकडे नव्हे, श्रोत्यांकडे असावे.

टिपण कधी वाटावे, याचे उत्तर सभेच्या हेतूवर अवलंबून आहे. केवळ माहिती द्यायची असेल तर शेवटी वाटावे, नाहीतर बोलणे सुरू असताना पाने उलटली जातात. आकडे तपासून निर्णय घ्यायचा असेल, तर मात्र ते एक-दोन दिवस आधीच पोहोचलेले असावे.